तिथं आपलं कोण आहे?

आमच्या घरात सहलीचा विषय निघाला की अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "तिथं आपलं कोण आहे?" कोणी असलं तर जायचं. नसलं तर कोणाचं तरी कोणी शोधायचं आणि पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकायचं. ‘१२ तारखेस सायंकाळी पोहोचतो. मंडळी अकरा. काळजी नसावी.’ उत्तराची वाट बघायची पद्धत नव्हती. काळजी नेमकी कुणी करायची नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

माझी लेक चोवीस वर्षांची, पुण्यात नोकरीला. तिचा पहिला प्रश्न, "तिथं रेंज आहे का?" आणि दुसरा, "तिथं गर्दी नाही ना?" तिच्या आजोबांना ओळखीचं माणूस लागायचं, हिला माणूसच नको असतं. मी मधली. लग्नानंतर महाबळेश्वर, मग पोरं झाल्यावर भाड्याची सुमो करून अष्टविनायक, मग झेंडा घेतलेल्या मॅनेजरच्या मागून केरळ आणि काश्मीर. सगळं केलं आणि आता सुट्टी म्हटली की मला घरी झोपावंसं वाटतं.

हा प्रवास घडला तो आईमुळं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली, तेव्हापासून ती सवलत तिनं तासगावला दोनदा जाण्यापलीकडं वापरली नव्हती, आणि ही गोष्ट तिला खात होती. "सरकारनं दिलंय आणि मी घरात बसलेय," असं ती दर दोन दिवसांनी म्हणायची. शेवटी विचारलं, कुठं जायचं? म्हणाली, "तेव्हा गेलो होतो तसंच. सातारा, वाई, महाबळेश्वर."

तेव्हा म्हणजे मे १९८५. आम्ही अकरा जण सांगलीहून एसटीनं गेलो होतो. आई-अण्णा, आम्ही तिघं भावंडं, काका-काकू, त्यांची दोन पोरं, आजी आणि शिक्षणासाठी आमच्याकडं राहणारा अण्णांचा मावसभाऊ. आमच्या घराण्यात त्या सहलीला महाभारताच्या खालोखाल मान आहे. दर दिवाळीला तिचं पारायण होतं.

लेकीनं रजा काढली. भाद्रपद संपत आला होता, पितृपक्ष चालू. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पितृपक्षात कुठं निघालात?" आईनं पिशवीची गाठ मारता मारता उत्तर दिलं, "पितरं सगळी त्याच वाटेवर आहेत आमची."

पहिला दिवस: सांगली, सातारा, सज्जनगड

सकाळी साडेसहाची गाडी. कंडक्टर आला आणि हसला. आई शून्य, मी अर्धं, लेक अर्धं. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळं तिघींचं मिळून एकाच बाप्याचं भाडं झालं. कंडक्टरनं मागायच्या आत आईनं आधार कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं होतं. शून्य रुपये छापलेलं तिकीट तिनं चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं. चार दिवसांत तिथं अशी सहा-सात तिकिटं जमली.

१९८५ च्या सामानाची यादी मला पाठ आहे: दोन होल्डॉल, एक ट्रंक, फिरकीचा तांब्या, पंपाचा स्टोव्ह, त्याची पिन, रॉकेलचा डबा (एसटीत न्यायला बंदी होती, म्हणून तो आजीच्या पायाशी लुगड्याआड), पोळपाट-लाटणं, आठ किलो पीठ, तांदूळ, मेतकूट, आणि घाट लागला की चोखायला लिंबू. यावेळी तिघींच्या तीन पाठपिशव्या. आईला खांद्यावर काही चालत नाही, म्हणून तिची वायरची पिशवी वेगळी. त्या पिशवीत दहा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. "आई, वाटेत सगळं मिळतं गं." "मिळतं ते माहितीय. असू दे." कराडच्या स्टँडवर लेकीनं वडापाव आणला. आईनं तो चवीनं खाल्ला आणि दशम्या शेजारच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरांना वाटून टाकल्या.

साताऱ्यात स्टँडजवळच्या लॉजवर पिशव्या टाकल्या आणि रिक्षा ठरवून सज्जनगड. पायऱ्या आई कशा चढणार हा घोर मला होता. ती दर वळणावर बसली, दर वेळी कुणाशी तरी बोलली, आणि माझ्या आधी महाद्वारात पोचली. खाली उरमोडी धरणाचं पाणी भरून राहिलं होतं, वर वारा असा की पदर धरून ठेवावा लागत होता. समर्थांची समाधी १६८२ ची. राममंदिराखालच्या त्या गाभाऱ्यात उतरलं की बाहेरचा वारा एकदम थांबतो, कानात दडे बसल्यासारखं होतं.

दुपारी प्रसादाची पंगत. गव्हाची खीर, आमटी, भात. मांडी घालून ओळीनं बसायचं, वाढपी झपाझप येतात. आईनं खीर दोनदा घेतली. तिसऱ्यांदा वाढपी आला तेव्हा हात आडवा केला आणि मला हळूच म्हणाली, "पंगतीत बसून गरम खाल्लं बघ आज. उठायचं नाही, वाढायचं नाही." मी हसले. तेव्हा त्या वाक्याकडं तेवढंच लक्ष दिलं.

सज्जनगडाला दुपारच्या प्रसादासाठी जायचं असेल तर साताऱ्यातून साडेदहाच्या आत निघा. पायऱ्यांना उन्हाळ्यात टोपी आणि पावसाळ्यात चांगला तळवा असलेली चप्पल लागते, दगड शेवाळलेले असतात. छत्रीचा उपयोग नाही. माझी एक काडी तिथंच कामी आली.

संध्याकाळी मोती चौकात कंदी पेढे. तांबूस, भाजक्या कडांचे, बेताच्या गोडीचे. लेकीनं आधी फोनवर कुठल्या दुकानाला किती तारे आहेत ते बघितलं. तोवर आईनं समोरच्या दुकानात एक पेढा मागून, बोटांनी फोडून, वास घेऊन, अर्धा किलो बांधून घेतला होता.

दुसरा दिवस: कास आणि बामणोली

हा दिवस लेकीच्या वाट्याचा. १९८५ ला कासला फुलं बघायला जाण्याचं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. साताऱ्याची माणसं तेव्हा कास तलावावर डबे घेऊन जायची, कारण शहराला पाणी तिथून येतं, एवढंच कास आम्हाला ऐकून माहीत. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर पठार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि मग रविवारची वाहतूक कोंडी सुरू झाली. आता दिवसाला तीन हजार लोकांची मर्यादा आहे आणि ऑनलाइन नोंदणी करून जावं लागतं. नोंदणी लेकीनं घरूनच केली होती, मला त्यातलं काही विचारू नका. एवढं सांगते की शनिवार-रविवार टाळा. आम्ही बुधवारी गेलो, तरी शाळेच्या तीन बस होत्या.

पठारावर धुकं आणि ऊन आळीपाळीनं येत होतं. धुकं सरलं की लांबवर गुलाबी पसरलेलं दिसायचं, पुन्हा पांढरं. लेक गुडघ्यावर बसून फोटो काढत होती. सोनकी, गेंदाचे पांढरे बोंडे, सीतेची आसवं म्हणतात ती नखाएवढी निळी-जांभळी फुलं, ज्यांची झाडं किडे पकडून खातात. स्थानिक गावच्या एका पोरानं माहिती दिली. वनविभागासोबत आसपासच्या गावांची समिती पठार सांभाळते, त्यातला तो. टोपली कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते हे त्यानं सांगितल्यावर आईनं लगेच स्वतःच्या वयात सात मिळवले आणि गप्प झाली.

मग ती गुलाबी पट्ट्यापाशी पोचली, वाकली, आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं हा तर तेरडा!"

"हो आजी, तेरडाच," पोरगा म्हणाला.

"गौरी म्हणून परवा परवा बांधला की आम्ही. मंडईत दहा रुपयाला पेंडी. ह्याला तिकीट काढून आलो होय आपण?"

आजूबाजूचे दहा-बारा जण हसले. लेक थोडी हिरमुसली, कारण तिनं तीन महिने आधीपासून ठरवलं होतं. पण पुढचा अर्धा तास आईनं तिथून हलायचं नाव घेतलं नाही. मंडईत पेंडीत बांधलेला तेरडा आणि हा, यात फरक आहे हे तिलाही दिसत होतं. जाता जाता पोराला म्हणाली, "तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तुमच्याकडं महिनाभर टिकतो की रे." पोरगा खूश.

कासहून पुढं बामणोली. रस्ता उतरत जातो आणि एका वळणावर शिवसागर दिसतो, कोयना धरणाचं मागं पसरलेलं पाणी. एसटीच्या फेऱ्या इकडं मोजक्या आहेत. साताऱ्याच्या स्टँडवर चौकशी खिडकीत परतीची वेळसुद्धा विचारून घ्या, कागदावर लिहूनच घ्या. गाडी चुकली की जीपवाला सांगेल ती किंमत. वासोट्याला जायचं असेल तर पावसाळा सरल्यावर या, तोवर किल्ल्याची वाट बंद असते. नुसती होडीतून चक्कर मिळते.

लेकीनं पाण्याकाठी तंबू घेतला होता. फोटोत तंबूबाहेर दिव्यांच्या माळा, शेकोटी, आकाशात चांदण्या. तो फोटो डिसेंबरातला असणार हे आमच्या तिघींच्याही लक्षात आलं नाही. आईनं तंबूत डोकं घालून बघितलं, गादी दाबून बघितली, आणि विचारलं, "ह्याचे किती?" लेकीनं सांगितलं. आई म्हणाली, "जत्रेत फुकट झोपायचो."

रात्री आठला पाऊस आला. आधी छान वाटलं. नऊला तंबूच्या शिवणीतून एक थेंब लेकीच्या लॅपटॉपच्या पिशवीवर पडला, मग दुसरा माझ्या मानेवर, आणि मग धारच. साडेनऊला मालक प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून पळत आला. "चला, वर घराकडं चला, हितं काय खरं नाही आता." भल्या माणसानं आईला हाताला धरून नेलं. सकाळी तंबूचे पैसे घ्यायलाही तयार नव्हता.

आणि म्हणून आम्ही त्या सहलीतल्या सगळ्यात चांगल्या जागी पोचलो, त्याच्या स्वयंपाकघरात.

चूल पेटलेली. मालकाची आई साधारण माझ्या आईच्याच वयाची, भिंतीला टेकून बसलेली. सून नाचणीच्या भाकरी थापत होती. आमचं जेवण तंबूत अर्धवट राहिलं होतं, ते हिनं पुन्हा मांडलं. घेवड्याची आमटी, अळूचं फदफदं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि त्या भाकरी. मी तीन खाल्ल्या.

दोन म्हाताऱ्यांचं सूत दहा मिनिटांत जमलं. त्याला कारण झालं भूकंप. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ती म्हातारी तेव्हा याच डोंगरावर, नवी सून. "भांडी नाचत हुती. गोठ्यातलं जनावर आधी वरडलं, मग आमी उठलो." आई सांगलीत, वीस वर्षांची, लग्नाआधीची. वाड्यातली सगळी माणसं घोंगड्या पांघरून चौकात उभी, तिच्या थोरल्या भावाच्या हातात कंदील आणि तो कंदील थांबतच नव्हता. मी ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. पन्नाशी उलटली माझी, आणि आई भूकंपातून उठली होती हे मला बामणोलीला कळलं.

मग नेहमीचा तपास. माहेर कुठलं, लेकी कुठं दिल्या. त्यांची जुनी शेतं ह्या पाण्याखाली आहेत. कोयनेच्या पाण्यानं उठलेल्या गावांतली काही सांगली जिल्ह्यात वसवली, त्यातल्या एकात त्या म्हातारीची नणंद. आईनं गाव विचारलं. ते आमच्या तासगावच्या वाटेवरचं निघालं. आईनं माझ्याकडं बघितलं, आणि मला अण्णा दिसले. तिथं आपलं कोण आहे? हे बघा, आहे.

सून भाकरी थापतच होती. आईचा हात आपोआप परातीकडं गेला. "सर बाई, मी चार थापते, तू जेव." सुनेनं परात ओढून घेतली. "बसा आजी. आज तुमी पावण्या."

आई बसली. पण तिला बसता येईना. मी समोरच होते, मला सगळं दिसत होतं. हात मांडीवर ठेवले, उचलले. शेजारच्या टोपलीतली लसणाची कुडी घेतली, एक पाकळी सोलली, सुनेनं बघितलं तशी खाली ठेवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. शेवटी दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवले, शाळेत बाई ‘हात खाली’ म्हणाल्यावर पोरं बसतात तशी, आणि जाळाकडं बघत राहिली. बऱ्याच वेळानं कुणालाही न सांगितल्यासारखं म्हणाली, "मी महाबळेश्वर बघितलंच नाही तेव्हा. स्टोव्ह बघितला."

लेक म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे काय. अकरा माणसं. सकाळी चहा, आंघोळीचं पाणी, मग पोळ्या. तुम्ही सगळे पॉइंट बघायला गेलात की मी आणि तुझी काकू दुपारच्या भाकऱ्या करायचो. आलात की वाढायचं. तुम्ही झोपलात की धुणं. संध्याकाळी सगळे सूर्यास्त बघायला गेलात, मी पिठलं केलं. मेणाचा वास होता त्या खोलीला, एवढं आठवतं मला."

त्या सहलीचं चाळीस वर्षं आम्ही पारायण केलं होतं. पिठल्याचा उल्लेख त्यात दर वेळी यायचा. थंडीतून परत आलो आणि आईनं गरमागरम पिठलं केलं होतं, काय चव होती! मीही लेकीला शंभरदा सांगितलं असेल, तुमच्या हॉटेलात ती मजा नाही म्हणून.

मी पाणी प्यायला बाहेर पडवीत आले. पाऊस थांबला होता. तळ्याच्या पलीकडं एकच दिवा दिसत होता आणि बेडूक कानठळ्या बसवत होते.

तिसरा दिवस: वाई, मेणवली

सकाळच्या गाडीनं सातारा आणि तिथून वाई. १९८५ ला वाईत आत्याच्या जावेकडं उतरलो होतो, गंगापुरीच्या बाजूला कुठंतरी एक वाडा होता. एका माजघरात अकरा आम्ही आणि सहा ते. आता वाडा नाही, त्या गल्लीत तीन मजली इमारत आहे आणि खाली मोबाईलचं दुकान. आम्ही लॉजवर उतरलो. खोलीत गरम पाणी, स्वच्छ चादरी, दारावर ‘त्रास देऊ नका’ची पाटी. आईनं ती पाटी उलटसुलट करून बघितली.

ढोल्या गणपती १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधला. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. सांगलीच्या माणसाला हे बघताना जरा जास्तच कळतं. आमच्या गल्लीत २०१९ चं पाणी कुठपर्यंत होतं त्याच्या खुणा अजून भिंतीवर आहेत. आई घाटाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, तुम्ही जाऊन या मेणवलीला, मी इथं बसते. एकटी? हो, एकटी. लेक तयार होईना. मीच तिला ओढून नेलं.

मेणवली तीनेक किलोमीटर, रिक्षानं दहा मिनिटं. नाना फडणविसांचा वाडा, मागं कृष्णेचा घाट, आणि तिथली ती घंटा. १७३९ ला वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेली, १७०७ साल कोरलेली, वर मेरीचं चित्र. शंकराच्या देवळाच्या घाटावर मेरी. लेकीला हे फार आवडलं. घाटावर लग्नाआधीचे फोटो काढणारी दोन जोडपी होती, एकीचा झगा चार पायऱ्यांवर पसरलेला. नवरामुलगा घामानं निथळत होता. फोटोग्राफर त्याला सांगत होता, "नैसर्गिक हसा."

परतताना विश्वकोशाच्या कार्यालयावरून गेलो. अण्णांनी आम्हा पाचही पोरांना इथं आणून, बाहेर रस्त्यावर उभं करून, "इथं मराठीतलं सगळं ज्ञान लिहितायत, तर्कतीर्थ आत बसलेत," असं सांगितलं होतं. तर्कतीर्थ म्हणजे लक्ष्मणशास्त्री जोशी, विश्वकोशाचे प्रमुख संपादक. आत गेलो नाही. तशी ओळख नव्हती ना. आम्ही त्या बंद फाटकाकडं बघून नमस्कार केला होता, हे मला पक्कं आठवतं.

घाटावर आलो तर आई तिथंच. दीड तास. मी विचारलं, काय केलंस? म्हणाली, "काही नाही." आणि हे सांगताना तिचा चेहरा चोरून आवळे खाल्लेल्या पोरीसारखा होता.

वाईत जेवणाचं एक सांगते: घाटाच्या बाजूच्या छोट्या खानावळी दुपारी अडीचनंतर आवरतात. आम्हाला उशीर झाला आणि मिसळीवर भागवावं लागलं. मिसळ वाईट नव्हती, पण आईला सोसली नाही, रात्री ओव्याची फक्की झाली.

चौथा दिवस: भिलार, महाबळेश्वर

पसरणीच्या घाटात १९८५ ला आम्ही पाचपैकी चार पोरं ओकलो होतो. यावेळी फक्त लेक, कारण फोनमध्ये बघत बसली होती. आईनं पिशवीतून लिंबू काढलं. ती लिंबू घेऊन आलीच होती.

पाचगणीत पॉइंट बघायचे नाहीत असं ठरलं. मला ते जरा जड गेलं. आमच्या पिढीची सहल म्हणजे हजेरीपट असतो, काश्मीरमध्ये तर आमचा मॅनेजर बसमध्ये यादीवर टिका मारायचा. लग्नानंतर आलो तेव्हा ह्यांनी छत्तीस फोटोंचा रोल पॉइंटांवर वाटून ठेवला होता, एका पॉइंटला तीन. वेण्णा लेकवर घोडा नाचला आणि एका झटक्यात पाच गेले. ते दुःख अजून आहे.

आम्ही भिलारला गेलो. मे २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. गावातल्या घरांमधून, ओसऱ्यांतून, देवळांतून पुस्तकांची कपाटं ठेवली आहेत, प्रत्येक घरी वेगळा विषय. कुठंही जा, पुस्तक काढा, बसा, वाचा. पैसे नाहीत. घरातली माणसं आपलं आपलं काम करत असतात. आम्ही गेलो त्या घरी आजोबा स्ट्रॉबेरीच्या रोपांचं काहीतरी फोनवर बोलत होते. रोपं नुकतीच लागली होती, फळ यायला अजून दीड-दोन महिने, त्यामुळं स्ट्रॉबेरीसाठी जाणाऱ्यांनी डिसेंबर धरून चाला. आजोबांनी आईला पाठीशी उशी आणून दिली.

आई साडेतीन तास वाचत होती. मधे एकदा चष्मा पुसला. लेकीनं शेजारच्या खुर्चीत लॅपटॉप उघडून कामाची दोन पत्रं पाठवली आणि मग तीही एक जुना दिवाळी अंक घेऊन बसली. मी त्या दोघींकडं बघत बसले, आणि अर्ध्या तासानं मला झोप लागली. चार दिवसांतली सगळ्यात चांगली झोप.

चारच्या सुमाराला आई पुस्तक जागेवर ठेवून म्हणाली, "आता तो सूर्यास्त."

महाबळेश्वरला उतरलो तर समोरचा माणूस दिसत नव्हता. धुकं नव्हे, ढगच रस्त्यावर उतरलेला. दुकानांचे दिवे दुपारीच लागलेले, मक्याच्या कणसांचा धूर आणि ढग एकमेकांत मिसळलेले. टॅक्सीवाला प्रामाणिक होता. "बॉम्बे पॉइंटला काय दिसणार नाय बघा मावशी. पैसे वाया."

"चल तू," आई म्हणाली.

पॉइंटावर आमच्याशिवाय एक गुजराती कुटुंब आणि एक कुत्रं. कठड्यापलीकडं नुसतं पांढरं. खाली दरी आहे हे फक्त वाऱ्याच्या आवाजावरून कळत होतं. टपरीवाल्यानं एक प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली, ती आम्ही कठड्यापाशी मांडली. आई शाल गुंडाळून बसली, हातात चहाचा कागदी कप. लेक तिच्या पायाशी. सव्वासहा झाले असतील. पांढरं होतं ते हळूहळू राखाडी झालं. सूर्य मावळला असावा.

"एवढंच होतं?" आईनं विचारलं.

"नाही गं, तेव्हा दिसला होता. लालभडक. अण्णांनी आम्हाला खांद्यावर—"

"असू दे." तिनं कप तोंडाला लावला. "ह्यापेक्षा पिठलं बरं झालं होतं म्हणजे."

कप रिकामा करून तिनं माझ्या हातात दिला.

"अजून एक सांग त्याला. आणि म्हणावं, आलं जरा जास्त घाल."